पात्राच्या चित्रावर उपयोगी अभिप्राय कसा द्यावा

कोणी आपलं चित्र पुढे करून "कसं वाटतंय?" असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडून दोनपैकी एक उत्तर येतं. "मस्त!" किंवा "काहीतरी खटकतंय, पण नक्की काय ते सांगता येत नाही." पहिल्याने चित्रकार सुखावतो, दुसऱ्याने हिरमुसतो. पण तो पुन्हा पेन हातात घेतो तेव्हा दोन्ही उत्तरांचा त्याला काडीचाही उपयोग होत नाही. अभिप्रायाची कसोटी एकच धरावी: तो वाचल्यावर चित्रकाराला पुढची रेघ कुठे मारायची ते कळलं पाहिजे.

त्यासाठी तुम्ही स्वतः निष्णात चित्रकार असायलाच हवं असं नाही. नीट पाहणं, पाहिलेलं मोजणं आणि ते शब्दांत मांडणं या तिन्ही गोष्टी शिकता येतात. डिजिटल चित्राच्या बाबतीत तर त्या अधिक सोप्या आहेत, कारण चित्राची प्रत उलटवता येते, लहान करता येते, तिचे रंग काढून टाकता येतात आणि मूळ चित्राला धक्काही लागत नाही.

आधी विचारून घ्या

पहिला प्रश्न सगळ्यांत साधा: अभिप्राय हवा आहे का? चित्र नुसतं दाखवलं म्हणजे सुधारणा मागितल्या असं होत नाही. मैत्रिणीला भेट म्हणून काढलेलं चित्र कोणी आनंदाने दाखवत असेल, तर डावा खांदा उतरल्याचं त्या क्षणी सांगू नये. विचारलेलं नसेल तर आवडलेली एक गोष्ट नेमकेपणाने सांगा आणि तिथेच थांबा.

अभिप्राय हवा असेल तर चित्र कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारा. कच्चं रेखाटन असेल तर पोझ, प्रमाण आणि मांडणी यांवर बोलायची हीच वेळ आहे. तिथे "रेघा खडबडीत आहेत" असं सांगण्यात अर्थ नाही, त्या तशाच असायच्या. रंग भरून झाले असतील तर चित्रकाराची अजून किती बदल करायची तयारी आहे ते जाणून घ्या. आणि चित्र पूर्ण होऊन ज्याचं त्याला देऊन झालं असेल, तर जे काही सांगायचं ते "पुढच्या चित्रात" या भाषेत सांगा.

चित्र कशासाठी आहे यावर बरंच अवलंबून असतं. व्हिडिओ गेममधलं पात्र पडद्यावर लहानसं दिसतं, बऱ्याचदा पाठमोरं आणि धावताना. त्याची नुसती बाह्याकृती ओळखू येणं फार महत्त्वाचं असतं. कॉमिकमधलं पात्र शेकडो चौकटींत पुन्हा पुन्हा काढावं लागतं, म्हणून त्याच्या झग्यावरची नाजूक नक्षी पुढे चित्रकारालाच जड जाईल. तीच नक्षी एकट्या मोठ्या चित्रात शोभून दिसते. सराव म्हणून काढलेलं चित्र असेल तर सराव कशाचा चालू आहे ते कळल्याशिवाय बोलूच नये. हातांचा सराव करणाऱ्याला रंगसंगतीवर व्याख्यान देऊन काय साधणार?

आणि शेवटचा प्रश्न, माझ्या मते सगळ्यांत मोलाचा: हे पात्र कोण आहे आणि या क्षणी ते काय करतंय? "ही एक योद्धा आहे" एवढ्यावर थांबू नका. दमली आहे का, कोणाला घाबरते, लढाईच्या आधीची आहे की नंतरची? या उत्तरातून चित्रकाराचा हेतू समजतो, आणि पुढचं सगळं त्या हेतूशी ताडून पाहायचं असतं. खाली झुकलेले खांदे ही चूक आहे की पात्राचा थकवा, हे हेतू ठाऊक असल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

बोलण्याआधी पाहा

चित्र उघडल्यावर पहिल्या दोनतीन सेकंदांत नजर कुठे गेली ते लगेच लिहून ठेवा. चेहऱ्यावर? तलवारीच्या चकाकीवर? कोपऱ्यातल्या लाल फुलावर? ही पहिली छाप पुन्हा मिळत नाही. चित्रकाराकडे तर ती नसतेच, कारण त्याने तेच चित्र तासन्‌तास पाहिलेलं असतं. म्हणून "माझी नजर आधी पट्ट्याच्या बकलवर गेली, चेहऱ्याकडे उशिरा पोचली" हे एक साधं वाक्यसुद्धा त्याच्या फार उपयोगी पडतं.

मग चित्राची प्रत घेऊन चार गोष्टी करून पाहा.

ती अगदी लहान करा, अंगठ्याच्या नखाएवढी. पोझ आणि भाव त्या आकारातही कळत असतील तर मांडणीचा पाया भक्कम आहे.

ती आडवी उलटवा, म्हणजे डावं उजवीकडे जाईल. एका बाजूला कललेला चेहरा, खालीवर झालेले डोळे, तोल गेलेलं शरीर, असं जे काही नजरेला सवयीचं झालेलं असतं ते आरशातल्या प्रतिमेत चटकन दिसतं. फोनमधल्या फोटो संपादनाच्या सोयीनेही हे होतं. क्रिता या चित्रं काढायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये 'एम' कळ दाबली की कॅनव्हासचं दृश्य उलटतं, मूळ चित्र जसंच्या तसं राहतं.

तिचे रंग काढून ती करड्या छटांत पाहा. इथे एक खाचखळगा आहे. काही प्रोग्रॅममधली रंग काढायची साधी आज्ञा गडद-फिक्याचं माप चुकीचं दाखवते: शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा हे दोन्ही रंग तिच्यामुळे एकाच करड्या छटेचे होऊ शकतात, जरी डोळ्यांना पिवळा कितीतरी उजळ दिसत असला तरी. त्यापेक्षा सगळ्यांत वर एक लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, घ्या, तो काळ्या रंगाने भरा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे तो थर खालच्या रंगांत कसा मिसळायचा ती निवड, 'कलर' करा. आता दिसणाऱ्या छटा डोळ्यांच्या अनुभवाला धरून असतील. चेहरा आणि मागची भिंत यांची छटा एकच निघाली, तर चेहरा मागच्या रंगात का हरवतो त्याचं कारण सापडलं.

शेवटी, पात्र वेगळ्या लेयरवर असलेली फाइल तुमच्याकडे असेल तर त्याची संपूर्ण आकृती काळ्या रंगाने भरून पाहा. फक्त बाह्याकृतीवरून पात्र काय करतंय ते कळतं का? हात धडासमोर आल्यामुळे दिसेनासा झालाय का? हातातली वस्तू ओळखू येते का?

एवढं होईपर्यंत तुमच्याकडे बऱ्याच नोंदी जमलेल्या असतील. त्या सगळ्या सांगायच्या नाहीत. त्यांतल्या कोणत्या सांगायच्या, ते खालच्या क्रमावरून ठरवा.

मोठ्याकडून बारीककडे

घराची भिंतच कललेली असेल तर रंगाऱ्याला आधी बोलावत नाहीत. चित्रातही आधी हालचाल आणि तोल, मग प्रमाण आणि रचना, त्यानंतर उजेड आणि रंग, आणि सगळ्यांत शेवटी रेघ आणि बारकावे. यामागे व्यवहारी कारण आहे. तुम्ही आधी बोटांवर बोललात, चित्रकाराने संध्याकाळभर खपून बोटं सुधारली आणि मग खांदाच फिरवायला हवा असं निघालं, तर ती सगळी मेहनत पुसावी लागते.

हालचालीपासून सुरुवात करा. डोक्यापासून भार पेलणाऱ्या पायापर्यंत पात्राच्या शरीरातून एक लांब वळणदार रेघ मनातल्या मनात ओढून पाहा. ती ताठ खांबासारखी सरळ निघाली आणि पात्र मात्र उडी मारत असेल, तर ताठरपणाचं मूळ तिथे आहे. उभ्या पात्राचा तोल तपासायची जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे गळ्याखालच्या खळग्यातून सरळ खाली ओळंबा सोडायचा. पात्र एका पायावर भार देऊन स्थिर उभं असेल तर ओळंबा त्या पायापाशी पडतो, दोन्ही पायांवर भार असेल तर दोन पावलांच्या मध्ये. तो बाहेर पडला तर पात्र पडणार आहे, चालतंय किंवा कशाला तरी टेकलंय. यांतलं काहीच चित्रकाराच्या मनात नसेल तर तोल चुकलाय. आणखी एक खूण: एका पायावर भार आला की त्या बाजूचा नितंब वर उचलला जातो आणि खांद्यांचा कल सहसा उलट दिशेने जातो. नवख्या चित्रकाराच्या पात्राचे खांदे आणि कंबर दोन्ही आडव्या समांतर रेषांत असतात, आणि पात्र दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखं दिसायला लागतं.

प्रमाण मोजायला डोकं हेच माप वापरतात. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो. चित्रांत आदर्श म्हणून 8 डोकी धरायची रीत आहे, आणि अचाट पराक्रमी पात्रं त्याहून उंच काढतात. दुडुदुडु चालणारं मूल 4 डोक्यांच्या आसपास असतं. म्हणूनच प्रौढाचा नुसता आकार लहान केला तर मूल होत नाही, बुटका प्रौढ होतो. मोजायला सोपं आहे: डोकं निवडून त्याची प्रत नव्या लेयरवर घ्या आणि एकाखाली एक ठेवत जा. शरीराची निम्मी उंची जांघेपाशी येते, सरळ सोडलेल्या हाताचं कोपर कमरेच्या आसपास आणि मनगट जांघेच्या पातळीला येतं. हाताचा पंजा हनुवटीपासून जवळपास केसांच्या रेषेपर्यंत पोचतो. पाऊल हे कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीएवढं असतं, आणि नवखे चित्रकार पावलं जवळजवळ नेहमीच लहान काढतात.

चेहऱ्यावर थोडं थांबू या, कारण चित्रकाराचा जीव बहुतेक वेळा तिथेच गुंतलेला असतो. समोरून पाहिलं तर डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. मध्यावर! भाव डोळ्यांत, नाकात आणि ओठांत असल्यामुळे आपण कपाळाला आणि टाळूला जागाच ठेवत नाही, डोळे वर सरकवतो आणि कवटी चपटी करतो. बाजूने काढलेल्या चेहऱ्यात हीच चूक मागच्या बाजूला होते: डोक्याचा मागचा भाग कापल्यासारखा दिसतो आणि कान पुढे येतो. खरं तर बाजूने पाहताना कान डोक्याच्या मध्यरेषेच्या किंचित मागे असतो. चेहरा तिरका वळलेला असेल तर पलीकडचा डोळा अलीकडच्यापेक्षा अरुंद दिसायला हवा.

डिजिटल चित्रांची म्हणून एक खास खोड आहे. एक डोळा मन लावून काढायचा, त्याची प्रत घ्यायची, उलटवायची आणि दुसरीकडे चिकटवायची. किंवा एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूलाही आपोआप उमटवणारं सिमेट्री टूल लावून अख्खा चेहराच दोन्हीकडे एकदम काढायचा. चेहरा नीटनेटका होतो आणि निर्जीवही होतो. ओळखायचं असेल तर बुबुळांवरचे चमकीचे ठिपके पाहा. उजेड एकीकडूनच येत असेल तर दोन्ही डोळ्यांत चमक त्याच बाजूला हवी. डाव्या डोळ्यात डावीकडे आणि उजव्यात उजवीकडे असेल तर डोळा उलटवून चिकटवलेला आहे. हे सांगताना साधन वापरल्याबद्दल बोल लावू नका. "सिमेट्री बंद करून एक भुवई किंचित उचलून पाहा आणि चमक एकाच बाजूला घ्या" एवढं सांगितलं तरी चेहरा जिवंत होतो.

उजेडासाठी मी एकच प्रश्न पुरेसा मानते: दिवा कुठे आहे? प्रत्येक आकाराच्या सगळ्या कडांना सारखी सावली फिरवली असेल तर नाक, गाल, दंड सगळे उशीसारखे फुगीर दिसतात आणि उजेड कुठूनच येत नाही. हनुवटीची मानेवर आणि केसांची कपाळावर पडणारी सावली बऱ्याचदा गायब असते. तेवढी टाकली तरी डोकं मानेवर बसतं. त्वचेच्या सावलीसाठी मल्टिप्लाय लेयरवर (खालचे रंग गडद करणाऱ्या थरावर) करडा किंवा काळा रंग वापरला की त्वचा मळकट होते. तिथे जांभळट किंवा तांबूस छटा करून पाहायला सांगा.

रेघ आणि बारकाव्यांवर बोलायची वेळ त्यानंतर येते, आणि अनेक अभिप्रायांत ती येऊच नये. आलीच तर पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. लहान लहान तुकडे जोडून केलेली केसाळ रेघ असेल तर झूम कमी करून खांद्यातून लांब रेघ मारायला सांगा, आणि प्रोग्रॅममध्ये हाताची थरथर कमी करणारा स्टॅबिलायझर असेल तर तो थोडा वाढवायला सांगा. रेघेची जाडी सगळीकडे सारखी असेल तर एक वस्तू दुसरीवर येते तिथे आणि सावलीच्या बाजूला ती जाड करता येते. दोन कडा एकमेकींना नुसत्या टेकत असतील, उदाहरणार्थ कोपराचं टोक नेमकं कमरेच्या रेघेवर येत असेल, तर कोण पुढे आणि कोण मागे ते डोळ्याला कळत नाही. कोपर थोडं आत किंवा थोडं बाहेर घेतलं की झालं. प्रत्येक पापणी आणि प्रत्येक टाका सारख्याच मेहनतीने केलेला दिसला, तर चित्रकार सतत खूप झूम करून काम करत असण्याची शक्यता मोठी आहे.

शैली की चूक?

नवख्या अभिप्रायकाराची गाडी इथे सर्वाधिक अडते. अवाढव्य डोळे, बोटभर कंबर, चार बोटांचे हात, अडीच डोक्यांचं गोंडस शरीर यांत चूक काय? काहीच नाही, हेतू तसा असेल तर. वास्तवातली मापं वर दिली ती मोजायला एक आधार म्हणून. प्रत्येक चित्राने ती पाळावीत असा त्यांचा अर्थ नाही.

फरक ओळखायला सुसंगती पाहा. दोन्ही डोळे मोठे असतील तर ती निवड आहे, एकच डोळा अर्धा बोट खाली असेल तर बहुधा निसटलेला आहे. त्याच चित्रकाराची आणखी दोनतीन चित्रं पाहा: सगळ्यांचे पाय लांबलचक असतील तर त्याला ते आवडतात. एका चित्रात पात्राचा एक हात दुसऱ्यापेक्षा मोठा असेल आणि तो पाहणाऱ्याच्या दिशेने पुढे आलेला नसेल, तर विचारायला जागा आहे. खरंच विचारा. "उजवा हात मुद्दाम मोठा ठेवलाय का?" या प्रश्नात कोणाचाच पाणउतारा नाही, आणि उत्तर "हो, तो लोहार आहे" असं आलं तर तुम्हालाही चित्र जास्त कळतं.

आपली आवड मात्र आवड म्हणूनच सांगावी. "मला इथे कमी रंग आवडले असते" हे प्रामाणिक वाक्य आहे. "रंग जास्त झालेत" हे वाक्य तीच आवड नियमाच्या कपड्यांत पुढे करतं.

लिहायचं कसं

उपयोगी मुद्द्यात काय दिसलं, त्यामुळे पाहणाऱ्यावर काय परिणाम झाला, तसं का होत असावं आणि काय करून पाहता येईल, हे सगळं यायला हवं. "मान विचित्र आहे" यात यातलं फक्त पहिलं आहे, आणि तेही धूसर. "मान खांद्यांच्या मधोमध सरळ नळीसारखी उभी आहे, त्यामुळे डोकं वरून ठेवल्यासारखं वाटतं. बाजूने पाहिलं तर मान पुढे झुकलेली असते, म्हणून ती हनुवटीच्या दिशेने थोडी तिरकी करून पाहा." हे वाचून लगेच काम सुरू करता येतं.

मुद्दे दोन, फार तर तीन. कोणी नोकरीसाठी आपल्या निवडक चित्रांचा संच तयार करत असेल आणि कसून तपासणी मागत असेल तर यादी लांबवायला हरकत नाही. नुकतंच टॅबलेट हातात घेतलेल्याला एकच मुद्दा पुरे. लहान मुलाला तर एकही नको: त्याला पात्राची गोष्ट विचारा, ते आपणहून आणखी चार गोष्टी चित्रात घालेल.

स्तुतीबद्दल माझं मत पक्कं आहे. ती कडू गोळीवरचा साखरेचा थर म्हणून देऊ नये. चित्रात काय चांगलं जमलंय हे सांगणं ही माहिती आहे, आणि चित्रकाराला तिची गरज असते, कारण दुरुस्ती करताना तो जमलेली गोष्टही पुसून टाकू शकतो. म्हणून "छान काढलंय" यापेक्षा "डाव्या हाताची पकड खरी वाटते, अंगठ्याचा दाब दिसतो, तो हात तसाच ठेवा" असं सांगा. आणि कौतुकाच्या वाक्याला "पण" जोडू नका. तिथे पूर्णविराम द्या आणि नवं वाक्य सुरू करा. "पण" आला की त्याच्या आधीचं सगळं वाचणाऱ्याच्या मनातून पुसलं जातं.

चित्राबद्दल बोला, चित्रकाराबद्दल नको. "तुला हात काढता येत नाहीत" आणि "या हाताची बोटं एकाच लांबीची झालीत" या दोन वाक्यांमागचं निरीक्षण एकच असलं तरी दुसऱ्यावर उपाय आहे. उपजत देणगी, वय, किती वर्षं काढतोस, अमक्याचं बघ कसं असतं, यांतलं काहीच चित्र सुधारत नाही.

एक पूर्ण उदाहरण

समजा एका नवख्या चित्रकाराने वादळात जहाजाचं सुकाणू धरून उभा असलेला म्हातारा कप्तान रंगवला आहे. त्याचा प्रश्न आहे: कोटाच्या घड्या बरोबर वाटतात का? चित्रात कप्तान दोन्ही पाय जुळवून ताठ उभा आहे. कोट उजवीकडे उडतोय, दाढी सरळ खाली लोंबते आहे. वीज डावीकडे चमकते, मात्र दोन्ही गालांना सारखीच सावली आहे. चेहरा जोरकस आहे. सुकाणूच्या लाकडाच्या रेषा फार निगुतीने काढल्या आहेत आणि बुटांवरही तितकीच मेहनत दिसते. यावर असं लिहिता येईल:

"कप्तानाचा चेहरा पाहताक्षणी बोलतो. आवळलेले ओठ, खाली ओढलेल्या भुवया, पावसामुळे अर्धा मिटलेला एक डोळा: या माणसाने अशी वादळं आधीही पाहिली आहेत हे पटतं. बाकी काहीही बदललंत तरी हा चेहरा असाच राहू द्या.

घड्यांबद्दल विचारलंत. एकेकटी घडी चांगली उतरली आहे. तरीही त्या वरून चिकटवल्यासारख्या वाटतात, आणि मला त्याचं कारण कोटाच्या आतल्या शरीरात दिसतं. कप्तान पाय जुळवून सरळ उभा असल्याने कापडाला कुठेच ताण बसत नाही. त्याने एक पाय मागे रोवला, गुडघे थोडे वाकवले आणि धड सुकाणूवर झुकवलं, तर कोट मागच्या खांद्यापासून कमरेपर्यंत ताणला जाईल आणि घड्यांना दिशा मिळेल. वादळाचा जोरही पोझमध्ये येईल. रंगांना हात लावण्याआधी नुसत्या काड्यांच्या दोनतीन छोट्या आकृत्या काढून कोणती पटते ते पाहा.

दुसरी गोष्ट लहान आहे. कोट उजवीकडे उडतोय आणि दाढी सरळ खाली आहे. वारा एकच असेल तर दाढीही उजवीकडे जाऊ द्या."

विजेचा उजेड, बूट, लाकडाच्या रेषा यांचा यात उल्लेखही नाही. पोझ बदलली की सावल्या नव्याने टाकाव्याच लागतील, तेव्हा उजेडाचं बोलू. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं आहे आणि त्याच धाग्याने खऱ्या अडचणीपर्यंत गेलो आहोत. चित्रकार एका गोष्टीबद्दल विचारतो आणि दुखणं दुसरीकडे असतं, असं फार वेळा होतं. पण त्याचा प्रश्न बाजूला सारून थेट आपलं म्हणणं सुरू केलं, तर आपलं ऐकूनच घेतलं नाही असं त्याला वाटतं, आणि ते वाटणं रास्त असतं.

चित्रावर रेघा मारून दाखवणं

पोझ आणि प्रमाणाच्या बाबतीत एक रेघ परिच्छेदभर शब्दांचं काम करते. मात्र आधी परवानगी घ्या. दुसऱ्याच्या चित्रावर न विचारता काढणं अनेकांना लागतं, मग हेतू कितीही चांगला असो.

परवानगी मिळाली की मूळ चित्राची ओपॅसिटी (अपारदर्शकता) 40 टक्क्यांच्या आसपास आणा, म्हणजे ते फिकं दिसेल, वर नवा लेयर घ्या आणि मूळ चित्रात नसलेल्या एकाच ठळक रंगाने काढा. फक्त रचना दाखवा: खांद्याची रेघ, कमरेची रेघ, ओळंबा, डोक्याची अंडाकृती. चेहरा रंगवत बसू नका, तुमच्या शैलीत पात्र पुन्हा काढू नका. तुमचं देखणं चित्र पाहून तो ते गिरवेल आणि त्याचा स्वतःचा विचार तिथेच थांबेल. शक्य असेल तर दोन वेगळे पर्याय दाखवा, म्हणजे निवड त्याच्याकडे राहते. एखादा डोळा थोडा सरकवून किंवा जबडा अरुंद करून दाखवायचा असेल तर चित्राचा भाग ओढून सरकवणारं लिक्विफाय हे साधन पुरेसं आहे, नव्याने काढायची गरज नाही.

ही फाइल चित्रकारालाच परत पाठवा, कुठेही टाकू नका. त्याचं चित्र आपोआप चित्रं बनवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला देऊन "असं दिसायला हवं" म्हणून उत्तर आणू नका. त्याच्या कामावर त्याचा हक्क आहे. शिवाय तयार होऊन आलेल्या चित्रातून काय बदललं आणि का बदललं ते कळत नाही, म्हणजे अभिप्राय म्हणूनही ते कुचकामी.

दुसरी आवृत्ती आल्यावर

चित्रकाराने तुमचं ऐकलं नाही तर वाद घालू नका. चित्र त्याचं आहे. एकदा स्पष्ट सांगितलं, तुमचं काम झालं. तो "का?" म्हणून विचारत असेल तर वेगळ्या शब्दांत किंवा रेघेने पुन्हा समजावा. दोघांनी परस्परविरोधी सल्ले दिल्याने तो गोंधळला असेल तर दोन्ही सल्ल्यांमागे खटकणारी जागा एकच आहे का ते त्याला पाहायला सांगा. बहुधा ती एकच असते, उपाय तेवढे वेगळे असतात.

सुधारलेलं चित्र आलं की जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवा. आधी काय बदललं आणि त्याने काय साधलं ते सांगा. लगेच नवे सहा दोष पुढे करू नका, नाहीतर कितीही केलं तरी पुरत नाही असं त्याला वाटेल. तुमच्या सूचनेने चित्र बिघडलं असेल तर तेही सरळ सांगा आणि जुन्या आवृत्तीकडे परत जायला सुचवा. जुना लेयर जपून ठेवलेला असेल तर यात काहीच वाया जात नाही.

एकाच चित्रकाराची बरीच चित्रं पाहायला मिळाली की तीच अडचण पुन्हा पुन्हा दिसते. मग चित्रामागून चित्र दुरुस्त करण्यापेक्षा सराव सुचवणं जास्त फायद्याचं. पोझ ताठ असतील तर खऱ्या माणसांची किंवा छायाचित्रांतली 30 सेकंदांची आणि 2 मिनिटांची झटपट रेखाटनं, खोडरबर न वापरता. सगळी पात्रं एकाच चेहऱ्याची होत असतील तर एकाच पानावर वेगवेगळ्या कवट्या, नाकं आणि जबडे, केस न काढता, म्हणजे केसांच्या रंगावर ओळख सोपवता येणार नाही. हात सतत खिशात किंवा पाठीमागे लपत असतील तर स्वतःचा मोकळा हात समोर धरून, पंजा आधी खोक्यासारखा आणि बोटं नंतर. उजेड गोंधळलेला असेल तर चेहरा सोडून आठवडाभर एका दिव्याखालचा चेंडू आणि डबा. एका वेळी यांतलं एकच सुचवा, आणि काही दिवसांनी त्या सरावाची पानं आवर्जून मागून पाहा.